खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ कसे आवरावे

तासगावकडचा द्राक्षबागायतदार पानावर डाग दिसला म्हणून लगेच फवारणीचा पंप काढत नाही. तो आधी पान उलटून पाहतो, कारण भुरी आणि केवडा या दोन्हींत पान खराब होत असले, तरी एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत शेवाळ दिसले, की आपण मात्र आधी दुकानात जाऊन बाटली आणतो आणि ते शेवाळ कोणते, याचा विचार बाटली रिकामी झाल्यावर करतो.

मीही तेच केले होते. सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घरी दीडशे लिटरची टाकी आहे. पहिल्याच वर्षी तिच्यातल्या दगडांवर हिरव्या केसांची बोटभर लांब झालर आली, तेव्हा एका दुकानातून शेवाळनाशक आणले. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते, आणि ते गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी आहे हेही कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या होत्या. शेवाळ जिथल्या तिथे होते. अशा अनेक द्रवांत तांबे असते. मासे ते काही प्रमाणात सहन करतात, पण गोगलगाय, खेकडा आणि कोळंबी यांना ते अत्यल्प मात्रेतही घातक ठरते, शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेत असल्यामुळे पाणी बदलल्यानंतरही त्याचा अंश बराच काळ मागे उरतो. त्यामुळे या लेखात औषधांना जागा थोडी आहे आणि पाण्याला पुष्कळ आहे.

सुरुवातीला हे लक्षात घ्यावे, की काही शेवाळ असायलाच हवे. पुढच्या काचेवर दोन-तीन दिवसांनी येणारा हिरवट पापुद्रा चुंबकाच्या पुसणीने पुसला की काम झाले. दगडांवर गुलाबी किंवा जांभळे, खडूसारखे टणक ठिपके दिसू लागले, तर ते कोरलाइन शेवाळ आहे आणि ते टाकी स्थिरावत असल्याचे लक्षण आहे. ते खरवडू नये. नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाळूवर तपकिरी धूळ बसते. हे डायाटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळ. पाण्यातील सिलिकेटवर ते वाढतात, बोट फिरवले की धुळीसारखे उडतात, आणि सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरतात. या काळात घाबरून सगळी वाळू धुऊन काढणाऱ्यांची टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्या वाळूवर आणि दगडांवरच वस्ती करून असतात.

खरा त्रास देणारे थर चार-पाच प्रकारचे असतात आणि ते डोळ्यांनी व बोटांनी ओळखता येतात. लालसर-किरमिजी, क्वचित काळपट हिरवी, साय धरावी तशी चादर वाळूवर पसरली असेल, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील आणि नळीने ओढल्यावर ती अख्खी निघून येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया असतात. नावाप्रमाणे हे शेवाळ नसून प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत, आणि जिथे प्रवाह मंद असून घाण साचते तिथे ते प्रथम दिसतात. मऊ, एकसारखे हिरवे केस चिमटीत धरले आणि सहज तुटले, तर ते साधे केसाळ शेवाळ, म्हणजे डर्बेसिया किंवा त्याचे भाऊबंद. तोच केस पाण्याबाहेर न काढता भिंगातून पाहिला आणि त्याला मोरपिसासारख्या दोन्ही बाजूंनी काड्या फुटलेल्या दिसल्या, तर ते ब्रायोप्सिस असते, आणि त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, कारण पाण्यातील खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, कितीही कमी केले तरी ते हटत नाही. हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे चकचकीत फुगे म्हणजे वॅलोनिया. ते टाकीत फोडू नयेत, बुडाशी नख घालून अख्खे काढावेत, कारण आतील द्रवातून नवे फुगे तयार होण्याची शक्यता असते.

सर्वांत फसवा प्रकार डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशी जीवांचा. तपकिरी, शेंबडासारखे तार धरणारे, टोकाला बुडबुडे लटकलेले धागे दुपारी दाट दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागण्यापूर्वी बरेचसे नाहीसे झालेले असतात. अनेक जण त्यांना डायाटम समजतात आणि पाणी आणखी स्वच्छ करत राहतात; त्यातून प्रकरण चिघळते. ओळखण्याची घरगुती रीत अशी आहे: थोडा चिकट थर टाकीच्याच पाण्यासह छोट्या बरणीत घ्यावा, जोरात हलवावा, टिपकागदातून किंवा कॉफीच्या गाळणकागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. निवळ दिसणाऱ्या पाण्यात तपकिरी धागे पुन्हा एकत्र जमू लागले, तर संशय डायनोफ्लॅजेलेटवर पक्का होतो. शंका उरलीच, तर चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ओळखीची एखादी प्रयोगशाळा सापडणे अवघड नाही. ऑस्ट्रिऑप्सिस हा त्यातला विषारी प्रकार थेंबाच्या आकाराचा असतो आणि अदृश्य दोऱ्याला बांधल्यासारखा एका बिंदूभोवती झुलताना दिसतो. तो खाऊन गोगलगायी मरतात, म्हणून अशा टाकीत शेवाळ खाणारे जीव सोडू नयेत.

ओळख पटली, की सांगलीकराने पहिली चौकशी पाण्याची करावी. आपल्याकडे नळाला कृष्णेचे पाणी येते, अनेक अपार्टमेंटमध्ये बोअरचे पाणी त्यात मिसळते, आणि आजूबाजूला ऊस, द्राक्षे व हळद यांची खतावर वाढणारी शेती आहे. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक आयएस १०५०० हे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटपर्यंतचे पाणी योग्य मानते. माणसासाठी ती मर्यादा ठीक असली, तरी खाऱ्या टाकीत आपण नायट्रेट साधारण २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवू पाहतो. म्हणजे पिण्यास उत्तम असलेले पाणीही शेवाळासाठी खताचा डोस ठरू शकते.

त्यात आपल्या उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, टाकी ३० अंशांवर जाऊ नये म्हणून आपण तिच्यावर पंखा लावतो, आणि पंखा बाष्पीभवनानेच पाणी थंड करत असल्यामुळे दीडशे लिटरच्या टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी सहज उडते. वाफ होऊन फक्त पाणी जाते. त्यातले क्षार, नायट्रेट, फॉस्फेट सगळे मागे राहते. समजा, उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या भरीच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि आपण रोज चार लिटर घालतो. दिवसाला ८० मिलिग्रॅम, महिन्याला २४०० मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे लिटरमध्ये महिन्याकाठी १६ पीपीएमची (लिटरमागे १६ मिलिग्रॅमची) वाढ झाली, आणि यात माशांच्या खाद्याचा एक कणही धरलेला नाही. माझ्या टाकीतील हिरव्या झालरीचे मूळ इथेच निघाले. मी मीठ मिसळण्यासाठी चांगले पाणी वापरत होतो आणि रोजची भर मात्र लोट्याने नळाच्या पाण्याची घालत होतो.

यावर उपाय म्हणजे आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडून घेतलेले पाणी. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी सरळ वापरू नये, कारण अशा बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर किंवा खनिजांची कांडी असते, आणि तो कंट्रोलर न गाळलेले थोडे पाणी पुन्हा मिसळतो. घरी येणाऱ्या वीस लिटरच्या जारचेही तेच. आज टीडीएस ४० असेल, पुढच्या आठवड्यात ११० असेल. मिसळ बंद केलेल्या आरओचा चांगला पडदा (मेम्ब्रेन) ९० ते ९५ टक्के क्षार अडवतो, म्हणजे ३०० टीडीएसचे पाणी १५ ते ३० वर येते, आणि उरलेले डीआय रेझिन शून्यावर आणते. खिशातला टीडीएस मीटर स्वस्त आहे आणि तो घ्यावाच, मात्र त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. रेझिन थकू लागले की सिलिका, म्हणजे डायाटम ज्यावर वाढतात ते सिलिकेट, सर्वांत आधी निसटते, आणि ती मीटरवर फारशी दिसत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत तपकिरी धूळ पुन्हा उगवली, तर मीटर शून्य दाखवत असला तरी आधी रेझिन बदलून पाहावे.

पाणी सुधारल्यावर नायट्रेट लगेच उतरेल अशी अपेक्षा करू नये. टाकीत ४० पीपीएम असेल आणि आपण वीस टक्के पाणी बदलले, तर उरतात ३२. पुन्हा बदलले, तर साडेपंचवीस. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलण्याची शिस्त महिनोन्‌महिने पाळणे हे एका दिवशी अर्धी टाकी उपसण्यापेक्षा माशांना सोसते. बदलाचे पाणी समुद्री मिठाच्या तयार मिश्रणाचे असावे, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, आदल्या दिवशी पंप लावून विरघळवलेले, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. रत्नागिरीला जाणे झाले म्हणून कॅन भरून समुद्राचे पाणी आणण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ तर तो टाळावाच, कारण नद्यांच्या गढूळ लोंढ्यांनी किनाऱ्याजवळची क्षारता घटलेली असते आणि शेतांतले खत त्याच पाण्यातून समुद्राला मिळालेले असते.

फॉस्फेटचे वागणे नायट्रेटपेक्षा कावेबाज आहे. ते मुख्यतः खाद्यातून येते आणि चुनखडीसारख्या कॅल्शियमयुक्त दगडांना व वाळूला चिकटून बसते. पाण्यातले फॉस्फेट कमी झाले की दगड आपल्याजवळचे थोडे सोडतो, आणि म्हणून जुन्या टाकीत महिनाभर मेहनत करूनही आकडा हलत नाही. याच्या नेमके उलटही घडते: दगडांवर शेवाळाचे रान माजलेले असते आणि चाचणी शून्य दाखवते, कारण सुटलेले सगळे फॉस्फेट शेवाळाने तत्काळ खाल्लेले असते. हे शून्य पाहून समाधान मानू नये. गोठवलेले खाद्य गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने विरघळवावे व ते पाणी फेकून द्यावे. कोरडे खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा माशांना चिमूटभर घालून पाहतो, म्हणून डबा आता कपाटात गेला आहे. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, म्हणजे जीएफओ, फॉस्फेट शोषून घेतात, पण सुरुवातीला सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच घालावेत. आकडा एका रात्रीत शून्यावर आणला, की केसाळ शेवाळाने मोकळी केलेली जागा डायनोफ्लॅजेलेट बळकावतात, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या पाण्यात त्यांना स्पर्धक उरत नाही.

म्हणूनच डायनोफ्लॅजेलेटवरील उपाय बाकी सगळ्यांच्या विरुद्ध दिशेने जातो. पाणी बदलणे थांबवावे, जीएफओ काढून घ्यावा, खाद्य थोडे वाढवावे, आणि नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत येऊन तिथे टिकेल असे पाहावे. ऑस्ट्रिऑप्सिससारखे प्रकार रात्री पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर यूव्ही दिवा चांगला चालतो. वाळूतच राहणाऱ्या प्रकारांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सायनोबॅक्टेरियासाठी प्रवाहाचा पंप त्या कोपऱ्याकडे वळवावा, चादर नळीने ओढून काढावी, आणि ती परत येत राहिली तर तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवावी. सायनोवर काही जण एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक वापरतात. टाकीत उपयुक्त जिवाणूही असतात हे लक्षात घेता मी ते टाळतो.

केसाळ शेवाळ हाताने उपटण्याला पर्याय नाही, आणि ते टाकीत उपटू नये. पाणी बदलण्याच्या दिवशी काढलेले जुने पाणी बादलीत घ्यावे, एकेक दगड उचलून त्यात ठेवावा, चिमटीने मुठीमुठीने केस ओढावेत आणि उरलेली मुळे कडक दातघासणीने घासावीत. टाकीत घासले, तर तुटलेला प्रत्येक तुकडा नव्या दगडावर जाऊन रुजतो. बादलीतले पाणी गटारात, दगड दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून परत टाकीत. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दगड काढू नयेत. फार चिवट जागी हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावता येते, पण इथे आपल्याकडच्या औषध दुकानांची एक खुबी माहीत हवी. ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली ६ टक्क्यांची असते, आणि टाकीसाठीच्या बहुतेक कृती ३ टक्के धरून लिहिलेल्या असतात. तेवढेच आरओचे पाणी मिसळून ती निम्मी करावी. दगड पाण्याबाहेर धरून, फक्त शेवाळावर लावावे, फेस आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे आणि खाऱ्या पाण्यात चांगला विसळून मगच परत ठेवावा. दगडात लपलेले किडे आणि खेकडे यात मरू शकतात, म्हणून आधी तो झटकून पाहावा.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालते, हे अनेक टाक्यांत सिद्ध झालेले आहे. मात्रा साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम, आणि टाकीचे पाणी मोजताना दगड व वाळूने व्यापलेली जागा वजा करावी. औषध चालू असेपर्यंत गाळणीतला सक्रिय कार्बन काढून ठेवावा. पिसे पांढरी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हे माणसांचे, चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे, त्यामुळे खरोखर ब्रायोप्सिसच आहे याची खात्री करून, पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ते घ्यावे. साध्या केसाळ शेवाळाला मूळ कारण दूर केले की याची गरज पडत नाही.

दिव्याबद्दल थोडक्यात: आठ तास पुरतात, टायमर लावावा, आणि पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचे ऊन टाकीवर पडत असेल तर पडदा लावावा. अंधारात ठेवण्याच्या उपायात मात्र एक धोका आहे. मरणारे शेवाळ कुजताना प्राणवायू खाते, आणि खारे पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू धरते. त्यात उन्हाळा असला की आणखी कमी. अशा रात्री वीज गेली, तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन श्वास घेताना दिसतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असल्याशिवाय टाकी झाकू नये.

पावसाळ्याचीही एक तयारी असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या गावात जुलै उजाडण्यापूर्वीच शंभर-सव्वाशे लिटर आरओ-डीआय पाणी झाकणबंद पिंपांत भरून ठेवणे शहाणपणाचे. पुराच्या दिवसांत नळाचे पाणी आले तरी ते गढूळ असते आणि क्लोरीनची मात्रा वाढवलेली असते; अशा पाण्याने आरओचे पडदेही लवकर खराब होतात.

राहता राहिले शेवाळ खाणारे जीव. दीडशे लिटरला आठ-दहा छोट्या गोगलगायी पुरतात. काचेवर नेराइट आणि वाळूत सेरिथ ही जोडी चांगली. लॉनमोवर ब्लेनी हा मासा दिवसभर दगड चाटतो आणि त्याचा चेहरा पाहून हसू येते, पण लांब वाढलेल्या केसांना तो तोंड लावत नाही. टँग मासे दुकानात बोटाएवढे मिळतात. चार-पाच फुटांची टाकी नसेल तर ते घेऊ नयेत. कोणी ‘जिवंत दगड’ (समुद्रातून जीवजंतूंसकट काढलेला दगड) किंवा समुद्रकाकडी आणून देतो म्हणाला, तर नकार द्यावा. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रकाकडीलाही या कायद्याचे संरक्षण आहे, आणि असा दगड बहुधा तोडलेले प्रवाळच असतो. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून घडवून नीट मुरवलेले कृत्रिम दगड वर्षभरात तितकेच जिवंत होतात.

हे सगळे जमून आले, की तीन-चार महिन्यांनी दगड स्वच्छ होतात आणि मग गोगलगायी उपाशी पडू लागतात. त्या काचेच्या वरच्या कडेला जाऊन चिकटतात, हळूहळू वाळूवर गळून पडतात, आणि आपल्याला वाटते की पाणी बिघडले. आठवड्यातून दोनदा, सुशीसाठी मिळणारा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा नोरीचा कागद दोन बोटे रुंदीचा फाडून कपड्याच्या प्लॅस्टिक चिमट्याने काचेला लावावा आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी उरलेला काढून टाकावा.